झुलूंच्या घरी आपली मुलगी

परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या बातम्या या साप्ताहिकात वेळोवेळी येतात. फोटो असतो, विद्यापीठाचे नाव असते, शिष्यवृत्तीचा आकडा असतो, सत्काराला कोण कोण हजर होते त्यांची यादी असते. पण ते मूल तिकडे कोणाच्या छपराखाली राहते, कोणाच्या हातचे जेवते, ताप आला तर त्याच्या कपाळावर हात कोण ठेवते, हे कोणी लिहीत नाही. घरातल्या बाईला मात्र पहिला प्रश्न तोच पडतो. म्हणून या वेळी कुटुंबाच्या पानावर आम्ही तेवढ्याच प्रश्नाबद्दल लिहिणार आहोत.

जव्हार तालुक्यातील साखरशेत येथे आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. वडील सरकारी खात्यात शिपाई. मूळचे कल्याणकडचे, बदली होऊन तिकडे गेले आणि तिथेच रमले. थोरली मुलगी पाड्यावरच्या शाळेत शिकली, पुढे जव्हारला, मग मुंबईत समाजकार्याच्या अभ्यासाला. २०२४ साली तिची निवड दक्षिण आफ्रिकेत डर्बन शहरी साडेचार महिन्यांच्या अभ्यासासाठी झाली. थोडी शिष्यवृत्ती, थोडे वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीतले पैसे. अट अशी होती की विद्यार्थ्यांनी वसतिगृहात न राहता तिथल्या एका कुटुंबात राहायचे. कुटुंब मिळाले ते झुलू.

ही बातमी नातेवाइकांत गेली आणि पेढे बाजूला राहिले. मावशी म्हणाली, "काळ्यांच्या घरात पोरगी ठेवणार?" आत्या त्याहून वाईट बोलली. तो शब्द आम्ही इथे छापत नाही. मुलीची आई आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, तिकीट काढलंय, आता नाही कसं म्हणू? पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही."

आम्ही त्यांना एवढीच आठवण दिली की साखरशेतला बदली झाली तेव्हा हीच मावशी म्हणाली होती, "वारल्यांच्यात पोरं वाढवणार? जंगली लोक ते." आणि त्याच जंगली लोकांनी पहिल्या पावसाळ्यात, रस्ता वाहून गेला आणि घरातले पीठ संपले तेव्हा, नागलीच्या भाकरी आणि शेवळांची भाजी घरी आणून दिली होती. या बाई आजारी पडल्या तेव्हा धाकट्याला तीन दिवस शेजारच्या वारली बाईने आपल्या पोरांत जेवू घातले. कारवीच्या कुडाचे घर, शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात कणगी. त्या घरात आपली मुलगी वाढली आहे. तिला झुलूंच्या घराची भीती का वाटावी?

भीती आपल्याला वाटते, आणि ती आपल्या तोंडातल्या शब्दांतून येते. हबशी, काफर, निग्रो हे शब्द आपल्या वस्त्यांत शिवीसारखे वापरले जातात. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने आफ्रिकी विद्यार्थ्यांना झोडपले, तेव्हा आपल्यातल्या किती जणांना ते आपले वाटले? औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. या शहराचा पाया १६१० साली खडकी या नावाने घालणारा मलिक अंबर हबशीच होता. बाबासाहेबांचे मिलिंद महाविद्यालय उभे आहे ते त्याच शहरात. १९७२ साली आपल्या तरुणांनी संघटनेला पँथर हे नाव दिले, तेही अमेरिकेतल्या काळ्या तरुणांवरून. नाव घेतले आणि माणसाला मात्र हिणवतो, हे कसे काय जमते? दक्षिण आफ्रिकेत तर त्यातला एक शब्द तोंडातून काढणे हा गुन्हा ठरतो. २०१८ मध्ये एका गोऱ्या बाईला तो शब्द पोलिसांना उद्देशून पुन्हापुन्हा वापरल्याबद्दल कैदेची शिक्षा झाली. आपल्याकडच्या १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची ज्यांना गरज कळते, त्यांना त्या शिक्षेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

असो. मुलगी जुलैत गेली. डर्बनचे घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास. ती रात्री जेवायला बसायची तेव्हा इकडे आई अंथरुणावर पडून फोनची वाट बघायची. त्या फोनवर जे जे आले ते आईने आम्हाला सांगितले. आल्यावर मुलीने स्वतः सांगितले. त्यातलेच पुढे लिहितो.

साखरशेत हे नाव ऐकले की वाटते, तिथे उसाचे मळे असतील. तिथे ऊस नाही. उतारावर नागली आणि वरई, खाचरात भात, आणि दिवाळी झाली की बरीच माणसे वीटभट्ट्यांवर. खरी साखरेची शेते आहेत ती डर्बनच्या बाजूला, नाताळ प्रांतात. त्या उसासाठीच १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून 'ट्रूरो' नावाचे जहाज भारतातले करारबद्ध मजूर घेऊन डर्बनला लागले. १९११ पर्यंत असे सुमारे दीड लाख मजूर गेले. त्यांच्यात गावकुसाबाहेरचीही माणसे होती. मागाहून स्वतःच्या पैशाने तिकीट काढून व्यापारी गेले, त्यांत गुजराती अधिक. आज डर्बनमध्ये भारतीय वंशाची वस्ती फार मोठी आहे. तिथे हिंदुस्थानी चेहरा नवा नाही. आणि त्यामुळेच पुढचा प्रसंग घडला, तो ओघाने येईल.

मुलगी राहिली ते घर कॅटो मॅनर या भागात. झुलू लोक त्याला उम्कुम्बाने म्हणतात. घर दोन खोल्यांचे, १९९४ साली गोऱ्यांचे राज्य गेल्यानंतर सरकारने बांधून दिलेल्यांपैकी. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी, इस्पितळात सफाईकाम करणारी तिची मुलगी, एकोणीस वर्षांचा नातू आणि दोन लहान नाती. आजीला तिकडे 'गोगो' म्हणतात. वडील माणसाला म्हणतात 'बाबा'. हे ऐकून साखरशेतच्या आईला अर्धा धीर आला.

नमस्काराला ते 'सावुबोना' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ, आम्ही तुला पाहिले. बोलणारा एकटा असला तरी 'आम्ही'च. उत्तर 'येबो', म्हणजे होय. रस्त्यात अनोळखी म्हातारा भेटला तरी असे पाहिल्याची पोच द्यायची. आपल्याकडे 'जयभीम' घातला की माणूस ओळखीचा होतो, तसेच काहीसे. दिलेली वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची. वडीलधाऱ्यांपुढे उभे राहायचे नाही, खोलीत शिरले की चटकन खाली बसायचे, कारण त्यांच्या डोक्यावर उभे राहणे हा उद्धटपणा. आपल्याकडे नेमके उलटे, मोठे आले की उठून उभे राहतात. पहिले दोन दिवस मुलगी आजी आली की उठायची आणि आजी तिला हाताने खाली बसवायची. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. भाषेत तीन आवाज जिभेच्या चटक्याने काढावे लागतात. एक आपण हळहळताना 'च्च' करतो तसा, एक बैल हाकताना गालात काढतो तसा, आणि तिसरा बाटलीचे बूच उघडल्यासारखा. दुसरा आवाज मुलीला पहिल्याच दिवशी जमला. साखरशेतची पोर ती, बैलांमागे फिरलेली. तिच्याबरोबरच्या शहरी मुलांना महिनाभर जमला नाही.

पहिल्या रात्री गोगोने तिला आडनाव विचारले.

वाचकहो, आडनाव विचारले की आपल्या पोटात काय होते ते सांगायला नको. नोकरीच्या पहिल्या दिवशी, खोली बघायला गेल्यावर, लग्नाच्या पंगतीत. नाव सांगून झाले तरी समोरचा थांबतो आणि म्हणतो, "पूर्ण नाव?" ती मुलगी सांगते की तिथे, इतक्या हजार मैलांवर, तोच प्रश्न आला आणि तिची जीभ टाळ्याला चिकटली. मग तिने सांगितले. गोगोने ते दोनदा म्हणून बघितले आणि विचारले, "याचे स्तुतिशब्द काय?"

झुलूंच्यात प्रत्येक आडनावाला, त्यांच्या भाषेत 'इसिबोंगो'ला, पूर्वजांच्या नावांची एक माळ जोडलेली असते. आदराने हाक मारायची तर आडनावाऐवजी त्या माळेतले नाव घेतात. नेल्सन मंडेला झुलू नव्हते, पण त्यांच्या लोकांतही अशीच रीत, म्हणून सारा देश त्यांना मदिबा म्हणे. एका आडनावाची मुलेमुली भाऊबहीण, त्यांचे लग्न होत नाही. म्हणजे आडनाव विचारायचे ते गौरव करण्यासाठी आणि नाते ओळखण्यासाठी. आपल्या मुलीच्या आडनावाची माळ नव्हती. गोगो म्हणाली, हरकत नाही, या घरात आमची माळ चालेल. आणि तिला थांडेका हे नाव दिले. अर्थ, जिच्यावर प्रेम केले जाते ती.

खाण्याचे विचाराल तर आपल्या माणसांनी काळजी करू नये. मक्याच्या पिठाचा मोकळा, उपम्यासारखा फुथु. अळकुड्या, त्यांना अमादुम्बे म्हणतात, उकडून मीठ लावून. रानभाज्या. आणि उसु, म्हणजे वजडी! मुलीने हे फोनवर सांगितले तेव्हा तिचा बाप खदखदून हसला. मुंबईच्या वसतिगृहात ज्या पदार्थाचे नाव घ्यायला ती पोर दबकत होती तो तिथे रविवारचा मानाचा पदार्थ. आंबवलेल्या दुधाला अमासी म्हणतात. आता ते दुकानात डब्यांत मिळते, कोणीही विकत घ्यावे. पण जुनी रीत अशी की अमासी फक्त घरच्या माणसांनी एकमेकांत खायचे, परक्याला द्यायचे नाही. गोगो जुन्या रीतीची. दुसऱ्या आठवड्यात तिने फुथुवर अमासी ओतून वाडगा मुलीपुढे ठेवला आणि काही बोलली नाही. त्याचा अर्थ नातवाने नंतर सांगितला.

बायकांच्या जगातल्या काही गोष्टी तिला फारशा नवीन वाटल्या नाहीत. सून सासऱ्याचे नाव घेत नाही, एवढेच नव्हे तर त्या नावासारखा आवाज असलेला साधा शब्दही टाळते आणि त्याच्याऐवजी दुसरा वापरते. याला ह्लोनिफा म्हणतात. आपल्या आज्या नवऱ्याचे नाव न घेता जन्म काढून गेल्या, त्यांना हे लगेच कळले असते. दुसरी गोष्ट लोबोला. लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी गाई द्यायच्या. जुना आकडा अकरा, आता बहुधा रोख रकमेत हिशोब होतो. वारल्यांतही मुलाकडूनच देज देण्याची रीत आहे आणि त्यांचे लग्न धवलेरी, म्हणजे बाईच लावते, हे साखरशेतच्या मुलीला ठाऊक होते. गोगोने थट्टेने विचारले, "तुझ्या बापाला किती गाई मिळतील?" मुलीने सांगितले, आमच्या देशात पुष्कळ ठिकाणी मुलीचा बापच देतो. गोगोला वाटले पोरीला भाषा नीट येत नाही. नातवाकडून पुन्हा विचारून घेतले. मग बराच वेळ मान हलवत राहिली. आपल्या समाजात साध्या पद्धतीची लग्ने लागतात हे खरे, पण 'मुलीला हौसेने दिले' या नावाखाली काय काय टेम्पोत चढते ते आपण सारे बघतो. लोबोलाही निर्मळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. पैसे मोजले म्हणून बायकोवर हात टाकणारे नवरे तिथेही आहेत, आणि पैसे जमत नाहीत म्हणून कित्येक तरुणांची लग्ने वर्षानुवर्षे अडतात.

त्या घरात दोन लहान नातींची आई नव्हती. ती एचआयव्हीने गेली. क्वाझुलू-नाताळ प्रांताला या रोगाने फार झोडपले आहे आणि आजीने नातवंडे वाढवलेली अशी घरे तिथे गल्लोगल्ली आहेत. ही घरे चालतात कशी? आम्ही कारकून माणूस, आम्हाला हिशोब विचारल्याशिवाय राहवत नाही. तिथे साठी ओलांडलेल्या गरीब माणसाला सरकार महिना दोन हजार रँडहून जास्त पेन्शन देते, २०२४ साली ते आपले सुमारे दहा हजार रुपये होत. शिवाय प्रत्येक मुलामागे वेगळे अनुदान, ते १९९८ पासून. आपल्या श्रावणबाळ योजनेचे त्या वर्षीचे पंधराशे रुपये आणि त्यासाठी तहसील कचेरीच्या खेपा, यांच्याशी ताडून बघा. पाहुणीला ठेवण्याबद्दलही त्या घराला विद्यापीठाकडून पैसे मिळत होते. हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर वाचकांना वाटेल सगळा धर्मादाय होता. पैशाने खोली आणि जेवण मिळते. अमासीचा वाडगा त्यात नव्हता.

धोकेही होते. दिवस मावळला की घराबाहेर पडायचे नाही, फोन रस्त्यात काढायचा नाही, हा गोगोचा कायदा. एकदा उशीर झाला तर नातू बसथांब्यावर काठी घेऊन उभा होता. शनिवारी शेजारची माणसे शेम्बेच्या पंथाच्या प्रार्थनेला जात, पांढरी वस्त्रे घालून, अनवाणी, उघड्या माळावर चुन्याने रंगवलेल्या दगडांच्या रिंगणात. मुलीने फोटो पाठवला तो बघून आईला पहिल्यांदा वाटले ही वंदनेलाच गेली आहे.

आता तो प्रसंग. कॅटो मॅनरची जमीन पूर्वी भारतीयांच्या मालकीची होती आणि झुलू कुटुंबे भाड्याने जागा घेऊन झोपड्या बांधून राहत. जानेवारी १९४९ मध्ये डर्बनमध्ये आफ्रिकी आणि भारतीय यांच्यात भीषण दंगल झाली, १४२ माणसे मेली. १९५० साली वंशवार वस्त्यांचा कायदा आला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सरकारने भारतीय आणि झुलू दोघांनाही तिथून उखडले. भारतीय चॅट्सवर्थला, झुलू क्वामाशूला. गोगो तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तिला ट्रकमध्ये चढवलेली भांडी आठवतात. आणि त्याआधीचेही आठवते. एका रात्री ती म्हणाली, "तुझ्या देशाचा मालक भाडं घ्यायला आमच्या दारात यायचा, पण आम्हाला त्याच्या ओट्यावर चढू द्यायचा नाही."

मुलगी गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या आजोबांनाही चढू द्यायचा नाही."

गोगोला ते पटेना. तू इंडियन, तो इंडियन. कातडी तीच. ओळखायचा कसा? मुलगी म्हणाली, "आडनाव विचारून." त्या रात्री नातवाने मध्ये बसून एका भाषेतून दुसरीत पाणवठा, गावकूस, महाड, चवदार तळे असे सगळे पोहोचवले. कितपत पोहोचले देव जाणे, हा आमचा जुन्या वळणाचा वाक्प्रचार, माफ करा. पण दुसऱ्या दिवसापासून गोगो शेजारणींना सांगू लागली की ही मालकांकडची नव्हे, ही वेगळी.

परक्या घरात राहून शिकणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. पूर्वी गरीब ब्राह्मण मुले वार लावून शिकत, सोमवारी या घरी जेवण, मंगळवारी त्या घरी. चांगली रीत होती. पण आपल्या मुलाने वार कोणाकडे लावायचा? दारच उघडे नव्हते. म्हणून शाहू महाराजांना कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढावी लागली आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. स्वतः बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, तिथे नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांच्या खोलीचा सोबती झाला आणि जन्माचा मित्र राहिला. तेच बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा एका पारशी पथिकाश्रमात पारशी नावाने राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या टोळक्याने त्यांना बाहेर काढले. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव पुसून गेली होती, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. आपल्या पोरीला डर्बनमध्ये तसे वाटले का, हे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, "काका, पुसलं नाही गेलं. पण सांगताना लाज वाटली नाही."

नोव्हेंबर अखेरीस ती परत आली. गोगोने निरोपाला मण्यांची माळ दिली. साखरशेतच्या आईने पुढच्या वेळी पाठवायला म्हणून नागलीचे पापड बाजूला काढून ठेवले आहेत.

आता गोष्ट अशी की त्या घरचा नातू बारावी पास झाला आहे आणि त्याला पुण्यात संगणकाचा अभ्यास करायचा आहे. पुण्यात आफ्रिकी विद्यार्थी कित्येक वर्षांपासून शिकतात आणि खोलीसाठी वणवण फिरतात. मुलीच्या वडिलांनी एका वसाहतीत चौकशी केली. वसाहतीच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव आहे, आतली माणसे आपलीच. खोली रिकामी होती. "मुलगा कुठला?" विचारले. सांगितले. "कमिटीला विचारून कळवतो," म्हणाले. आठ दिवसांनी कळवले की खोली गेली. आम्ही परवा त्या बाजूला गेलो होतो, कुलूप तसेच आहे.

मुलगा पहिले पंधरा दिवस साखरशेतला राहील, तो प्रश्न मिटला आहे. आईने गोधडी शिवायला घेतली आहे. पुढे पुण्यात येरवडा, विश्रांतवाडी, खडकी किंवा औंध या भागात एका माणसापुरती खोली हवी आहे. घरात राहून जेवणासह सोय झाली तर उत्तम. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेला मिळेल, अनामत रक्कम आम्ही भरू. मुलगा दारू पीत नाही, वजडी आवडीने खातो, आणि वडीलधारे आले की उभा न राहता खाली बसतो, तेवढे समजून घ्यावे. ज्यांची तयारी असेल त्यांनी साप्ताहिकाच्या कार्यालयात संध्याकाळी सहानंतर आमच्या नावे निरोप ठेवावा.